बिनदोऱ्याची डबी

काटाबाईंनी औषधाच्या दुकानात बावीस वर्षं काढली, आणि बावीस वर्षांत त्यांच्या हातून एक गोळी इकडची तिकडे गेली नाही. डॉक्टरांचं अक्षर म्हणजे मुंगीचे पाय. पण त्या चष्मा वर सरकवून एकदा वाचत, खाली सरकवून दुसऱ्यांदा वाचत, आणि तरी शंका राहिलीच तर सरळ डॉक्टरांना फोन लावत. गिऱ्हाईक कावलं तरी चालेल, मरायला नको, हा त्यांचा खाक्या. तराजूच्या काट्यावरून हे नाव दुकानाच्या मालकाने ठेवलं, आणि पुढे अख्ख्या चर्चने उचललं. खरं नाव आता त्यांच्या रेशनकार्डालाच काय ते ठाऊक.

या काटेकोरपणापायीच फादरांची नजर त्यांच्यावर पडली. फादर एकटे आणि चर्चं तीन, अशी वेळ आल्यापासून आजारी माणसांच्या घरी ख्रिस्तप्रसाद पोचवायला त्यांना सवडच उरली नव्हती. म्हणून वरून परवानगी आणून त्यांनी प्रापंचिकांचा वर्ग काढला. प्रापंचिक म्हणजे तुमच्याआमच्यासारखी, नोकरी करणारी, भांडणारी, गुडघे दुखतात म्हणून कुरकुरणारी माणसं. बारा जण, आठ शनिवार, चर्चमागचा हॉल आणि शिकवायला कॉन्व्हेंटच्या सिस्टर. पहिल्याच दिवशी काटाबाई म्हणाल्या, "फादर, मला नका घेऊ. भीती वाटते. माझ्या हातून काही झालं तर?"

"ज्याला भीती वाटते त्यालाच पाठवावं," फादर म्हणाले.

बोलायला काय जातं? पोटात गोळा काही फादरांच्या येत नव्हता.

वर्गात सराव चाले तो नुसत्या पिठाच्या चकत्यांवर. मिस्सेत, म्हणजे चर्चमधल्या उपासनेत, ज्या पातळ पांढऱ्या चकतीवर फादर येशूचे शब्द उच्चारतात ती ख्रिस्ताचं शरीर होते, तोच ख्रिस्तप्रसाद. शब्द उच्चारले नसतील तर ती पीठ आणि पाणी, दुसरं काही नाही. दोन्ही शेजारी ठेवल्या तर देवालाच ओळखू याव्यात. म्हणून सिस्टरांनी साधी युक्ती केली होती. ख्रिस्तप्रसाद न्यायच्या पितळी डब्या सगळ्या एकाच दुकानातल्या, खिशातल्या घड्याळाएवढ्या, झाकणावर क्रूस. त्यातल्या सरावाच्या डब्यांना त्या लाल दोरा बांधत. दोरा असेल ती सरावाची, नसेल ती खरी. लहान पोरालाही कळावं इतकं सोपं.

बाकीचे नियम काटाबाईंनी वहीत क्रमाने उतरवून घेतले होते. डबी गळ्यात, कपड्यांच्या आत. चर्चमधून निघायचं ते थेट आजाऱ्याच्या घरी. वाटेत थांबायचं नाही, कुणाशी बोलायचं नाही, भाजी तर मुळीच घ्यायची नाही. चकती खाली पडली तर उचलून आपण खायची. आजारी माणूस पापं सांगायला लागला तर त्याला थांबवायचं, ते काम फादरांचं. सरावाला त्यांचा जोडीदार होता प्लंबर. सहा शनिवारांत त्याच्या हातून नऊ चकत्या पडल्या होत्या. "नळाची चावी कशी, पकडली की पकडली," तो कुरकुरे. "ही तर बोलता बोलता उडते." काटाबाईंच्या हातून एकही पडली नाही. पण भीती होती ती त्यांनाच, त्याला नाही.

त्यांच्या भीतीला एक कारणही होतं, आणि ते चार गल्ल्या पलीकडे खाटेवर पडून होतं. त्यांचे थोरले दीर.

दीर सुतार. चर्चमधला एकूण एक बाक त्यांच्या हातचा. आणि गेली एकोणीस वर्षं त्यातल्या एकाही बाकावर ते बसले नव्हते. एकोणीस वर्षांपूर्वी त्यांची सहा वर्षांची मुलगी तापाने गेली. शवपेटी त्यांनी स्वतः केली, दुसऱ्या कुणाला रंध्याला हात लावू दिला नाही. दफनाची वेळ चारची. ती ठरवायला ते स्वतः गेले होते आणि तेव्हाच्या फादरांनी त्यांच्यासमोर वहीत लिहूनही घेतली होती. चार वाजले, पाच वाजले, साडेसहा झाले. पेटी दफनभूमीच्या फाटकाशी, भोवती माणसं ताटकळलेली. शेवटी फादर आले ते चारचौघांत म्हणत आले, "मला उद्याचा दिवस सांगितला होता." दिरांनी आवाज चढवला नाही. एवढंच म्हणाले, "माझं चुकलं म्हणा, फादर. मला बाकी काही नको." फादर म्हणाले नाहीत. वर्षाने त्यांची बदली झाली, पुढे ते वारले. दीर मात्र दर रविवारी बायकोला फाटकापर्यंत सोडत आणि मिस्सा संपेपर्यंत रस्त्यापलीकडे उभे राहत.

आता पोटात गाठ झाली होती, आणि डॉक्टरांनी हात टेकले होते. आज की उद्या, एवढाच प्रश्न होता. गुरुवारी काय वाटलं कोण जाणे, त्यांनीच नव्या फादरांना बोलावणं धाडलं. पापनिवेदन केलं, आजाऱ्यांचं पवित्र तेल लावून घेतलं. पण त्या दिवशी पाण्याचा घोटही पोटात ठरत नव्हता, म्हणून ख्रिस्तप्रसाद राहिला. फादर म्हणाले, पोटात पाणी ठरायला लागलं की कळवा, कुणाला तरी पाठवतो. तेव्हा दिरांनी काटाबाईंकडे बोट केलं.

"ही आणणार असेल तर घेईन. हिच्या हातून चूक होत नाही."

त्या वाक्याने काटाबाईंची दोन रात्रींची झोप उडवली.

शनिवारी सकाळपासून पाणी पोटात ठरलं. दुपारी वर्ग होता, तो संपवून काटाबाई वेदीमागच्या खोलीत गेल्या. फादर घाईत होते, चार वाजता त्यांना दुसऱ्या चर्चला पोचायचं होतं. त्यांनी कुलपाच्या पेटीतून ख्रिस्तप्रसादाचा मोठा प्याला काढला आणि मोजून दोन चकत्या एका डबीत ठेवल्या. "एक दिरांना, एक जाऊबाईंना," ते म्हणाले, आणि डबी टेबलावर ठेवून गुडघा टेकून निघून गेले. टेबलावर कापडी पिशवी होती, नोंदीची वही होती, आणि सरावाचं सामान भरलेलं सिस्टरांचं खोकं उघडं होतं. काटाबाईंच्या हातात त्यांची सरावाची डबी होती, ती खोक्यात परत करायची होती. त्यांनी हातातली डबी टेबलावर ठेवली, वहीत सही केली, तारीख घातली, वेळ घातली, सहीखाली रेघ मारली. मग एक डबी पिशवीत घालून गळ्यात अडकवली आणि दुसरी खोक्यात ठेवली. सिस्टर आल्या, खोकं बंद करून त्याला पट्टी लावली आणि म्हणाल्या, "जा काटाबाई. घाबरू नका."

त्या गेल्या. नाकासमोर बघत, छातीवर हात दाबून. गल्लीच्या तोंडाशी शिंपीणबाईंनी हाक मारली, "अहो, ऐकलंत का, त्या शेवटच्या घरातल्या—" काटाबाईंनी मान वळवली नाही. शिंपीणबाई महिनाभर बोलणार नाहीत हे त्यांना ठाऊक होतं. त्याचं त्यांना काही वाटलं नाही. त्यांना फक्त पितळेचा तो गोल छातीवर जाणवत होता आणि आपण ठेच लागून पडणार असं दर पावलाला वाटत होतं.

जाऊबाईंनी खाटेजवळच्या स्टुलावर पांढरा रुमाल अंथरून मेणबत्ती लावून ठेवली होती. दिरांची दाढी केली होती. गालांची हाडं वर आली होती, पण डोळे लखलखीत. काटाबाईंनी प्रार्थना वाचली, मध्ये एक ओळ गाळली, परत जाऊन वाचली. डबी उघडली. चकती उचलली. त्यांनी दुसऱ्या हाताने मनगट धरलं.

"ख्रिस्ताचं शरीर."

"आमेन," दीर म्हणाले, आणि एकोणीस वर्षांनी त्यांनी तोंड उघडलं.

चकती विरघळेपर्यंत ते डोळे मिटून होते. कानशिलांवरून पाणी ओघळून उशीत गेलं. मग जाऊबाईंनी घेतली. दीर म्हणाले, "झालं बघ. आता निघायला मोकळा." जाऊबाई पदराने डोळे टिपत म्हणाल्या, "निघायची कसली घाई!" ते जरासे हसले आणि त्यांना डुलकी लागली. काटाबाईंना वाटलं, आपण उगीच भ्यायलो. देव सांभाळून घेतो. छाती हलकी झाली, आणि त्यांनी रिकामी डबी धुवायला उचलली.

डबी रिकामी नव्हती. आत एक चकती होती.

प्रथम त्यांना काहीच वाटलं नाही. मग डोक्यात आकडा वाजला. फादरांनी मोजून दोन ठेवल्या होत्या. दोन दिल्या. तर ही तिसरी कुठून आली?

सरावाच्या डबीत सिस्टर सगळ्यांना तीन-तीन देत.

 काटाबाई मोरीच्या कडेला टेकल्या. त्यांना सगळं एकदम आठवलं. आज वर्गात लाल दोरा झाकणात अडकला होता, त्यामुळे झाकण नीट बसेना. काम नीटनेटकं व्हायला हवं म्हणून त्यांनी पर्समधली छोटी कात्री काढून तो कापून टाकला होता. नंतर बांधू म्हटलं. दोऱ्याचा तुकडा अजून त्यांच्या खिशात होता. टेबलावर शेजारी शेजारी दोन बिनदोऱ्याच्या डब्या, आणि वहीत सही करून वर बघेपर्यंत कुठली कुठे होती हे त्यांनी पाहिलंच नव्हतं. बावीस वर्षं प्रत्येक बाटलीचं लेबल दोनदा वाचलं. आणि आज, या एका वेळी, एकदाही नाही. अति तिथे माती म्हणतात, ती ही अशी.

दीर पीठ खाऊन रडले होते.

आणि खरी डबी? ती सिस्टरांच्या खोक्यात. खोकं घेऊन सिस्टर साडेचारच्या बसने तिसऱ्या चर्चला जाणार, साडेपाचला तिथल्या नव्या वर्गाचा पहिला सराव. तिथे कुणीतरी धांदरट ती डबी उघडणार, हसत-खिदळत हातात घेणार, पाडणार. उरलेल्या चकत्या सिस्टर वर्ग संपल्यावर चिमण्यांना टाकत असत.  काटाबाईंनी घड्याळ पाहिलं. पाच वाजायला दहा मिनिटं.

त्यांनी सिस्टरांना फोन लावला. वाजत राहिला. पुन्हा लावला. बंद. फादरांचाही बंद, तिकडे मिस्सा चालू असणार. मग त्यांनी प्लंबरला लावला, कारण दुसरं कुणी गाडीवाला त्यांना आठवेना.

"जाऊबाई, मी एका कामाला जाऊन येते," त्या म्हणाल्या. आपला आवाज त्यांना दुसऱ्या कुणाचा तरी वाटला.

"आत्ता? अगं, यांचा श्वास बघ कसा लागलाय."

"आले मी."

दरवाज्यातून त्यांनी मागे पाहिलं. दिरांची छाती वर येई, थांबे, मग खाली जाई. ती जेवढा वेळ थांबे तेवढा वेळ काटाबाईंचाही श्वास अडकून राही. आपण परत येईपर्यंत हे राहतील का? नाही राहिले तर? एकोणीस वर्षं रस्त्यापलीकडे उभं राहिलेला माणूस शेवटी आत आला, आणि आपण त्याच्या जिभेवर पिठाची चकती ठेवून त्याला वाटेला लावला.

प्लंबरची टेंपो गाडी पाइपांनी खडखडत आली. सगळं ऐकल्यावर त्याने आधी गाडी वळवली. मग चौक ओलांडल्यावर म्हणाला, "काटाबाई, रागावू नका, पण एक बोलू?"

"बोला."

"डबी आणू आपण, ती आणलीच पाहिजे. पण म्हाताऱ्याला सांगायचं कशाला? त्याचं मन भरलंय. देवाला सगळं कळतं ना? तो काय दुकानदार आहे, पावती नाही म्हणून माल नाही म्हणायला?"

 हाच विचार मोरीच्या कडेला बसल्यापासून काटाबाईंच्या मनात घर करून होता. सांगितलं तर काय होईल हे त्यांना डोळ्यांसमोर दिसत होतं. दीर भिंतीकडे तोंड करतील. म्हणतील, तुम्ही सगळे सारखेच. तेव्हा त्याने मला फसवलं, आता तू. आणि तसेच पाठ फिरवून जातील. मग त्यांना परत आणायला कुणी उरणार नाही. त्यापेक्षा खोटं बोललेलं बरं. 'फादरांनी आणखी एकदा द्यायला सांगितलंय', एवढंच. वाक्य तयार होतं. ते त्यांनी मनात चार वेळा म्हणून पाहिलं, दर वेळी नीट जमलं. जमलं याचीच त्यांना जास्त भीती वाटली.

"जरा जोरात घ्या," त्या म्हणाल्या.

"पाइप उडतील."

"उडू देत."

त्या पोचल्या तेव्हा साडेपाच वाजून गेले होते. हॉलमधून हसण्याचा आवाज येत होता. काटाबाई चपला न काढता आत धावल्या. वीसेक माणसं समोरासमोर दोन रांगांत उभी होती. पहिल्याच जोडीतला शाळेचा शिपाई झाकण उघडून चकती हातात धरून उभा, आणि समोरची नर्सबाई तळहात पुढे करून म्हणत होती, "अहो द्या की, केवढा तो थरथराट! चकती आहे, विंचू नाही." त्या डबीला दोरा नव्हता.

"थांबा!" काटाबाई ओरडल्या. आयुष्यात इतक्या मोठ्याने त्या कधी ओरडल्या नव्हत्या. "पाडू नका! ती खरी आहे!"

सिस्टरांनी वळून पाहिलं. त्यांची नजर डबीवर गेली, मग काटाबाईंच्या तोंडावर, आणि त्यांचा चेहरा पांढराफटक पडला. त्या तिथल्या तिथे फरशीवर गुडघ्यांवर आल्या. मग नर्सबाई खाली बसल्या, मग एकेक करत सगळे. शिपाई तेवढा उभा राहिला. चकती हातात असताना बसावं की नाही हे त्याला कुणी शिकवलंच नव्हतं. तो घामाने निथळत होता. सिस्टर उठल्या, त्याच्या बोटांतून चकती हलकेच घेतली, डबीत ठेवली, आत दोन आहेत हे मोजलं आणि झाकण लावलं.

बाहेर व्हरांड्यात त्या काटाबाईंना म्हणाल्या, "खोकं मी बंद केलं. न बघता पट्टी लावली. चूक माझीही आहे."

"दोरा मी कापला, सिस्टर."

"दिरांना दिलंत?"

"दिलं. ते रडले. म्हणाले, आता मोकळा." काटाबाईंनी सिस्टरांचा हात धरला. "सिस्टर, त्यांना सांगू का? सांगितलं आणि ते परत उलटले तर? ते जगणार तरी किती, तास, दोन तास. काय करू सांगा ना!"

 सिस्टरांनी वीस वर्षं माणसं शिकवली होती, आणि त्यांच्याजवळ प्रत्येक प्रश्नाला वहीत एक पान होतं.

"हे आपल्या वहीत नाही, काटाबाई," त्या म्हणाल्या. "मला माहीत नाही. तुम्ही त्यांना ओळखता, मी नाही." आणि त्यांनी ती डबी स्वतःच्या हाताने काटाबाईंच्या गळ्यातल्या पिशवीत घातली.

 गाडीत खरी डबी आहे म्हणून की काय, परतताना प्लंबरने पाइप फडक्याने बांधून घेतले होते. काटाबाई डबीवर दोन्ही हात दाबून बसल्या होत्या आणि दर वळणाला दिरांची छाती त्यांच्या डोळ्यांसमोर वर येऊन थांबत होती. घराजवळ आल्यावर त्यांनी प्रथम कान दिला तो रडण्याच्या आवाजाला. रडणं नव्हतं. 

दीर जागे होते. जाऊबाई त्यांच्या ओठांना ओला कापूस लावत होत्या. श्वासाला आता घरघर लागली होती, पण डोळे दाराकडेच होते.

"कुठे गेली होतीस?" दीर म्हणाले. शब्द एकेक करून येत होता.

काटाबाई खाटेजवळ गेल्या. तयार वाक्य जिभेवर होतं.

"फादरांनी—" त्यांनी सुरुवात केली.

दीर वाट बघत होते. डोळ्यांत शंकेचं नावही नव्हतं. त्यांनी काहीही सांगितलं असतं तरी दिरांनी ते खरं मानलं असतं, आणि काटाबाईंना एकदम कळलं की हा माणूस फसवला जायला अगदी तयार आहे, आणि आपण त्याला फसवलं तर ते कुणालाही, कधीही कळणार नाही. 

"भाऊजी," त्या म्हणाल्या, "मघाशी मी तुम्हाला दिला तो ख्रिस्तप्रसाद नव्हता. माझ्याकडे दोन डब्या होत्या. मी सरावाची आणली. ते नुसतं पीठ होतं. माझं चुकलं."

जाऊबाईंच्या हातातली वाटी खाली पडली. "अगं बाई!" त्या किंचाळल्या. "हे आत्ता सांगतेस? यांना? या घटकेला? जीभ कशी रेटली तुझी? गप्प बसली असतीस तर काय बिघडलं असतं?"

 काटाबाई दिरांकडे बघत होत्या. दिरांनी डोळे मिटले होते. छाती वर आली आणि थांबली. काटाबाई मोजू लागल्या. चार, पाच, सहा. छाती खाली गेली. भिंतीकडे वळतील, त्यांना वाटलं. आता वळतील.

दीर वळले नाहीत.

"पुन्हा म्हण," ते डोळे न उघडता म्हणाले.

"काय, भाऊजी?"

"शेवटचं."

"माझं चुकलं."

"मोठ्याने म्हण. हिला ऐकू जाऊ दे."

"माझं चुकलं, भाऊजी. चूक माझी. तुमची नाही, दुसऱ्या कुणाचीही नाही."

दिरांचा हात पांघरुणावरून सरकत जाऊबाईंच्या मनगटाशी गेला. "बघ," ते बायकोला म्हणाले. "किती वेळ लागला? एवढंच तर होतं." जाऊबाईंनी तोंडावर पदर दाबला आणि त्यांना हुंदका आला. तो आजचा नव्हता. दफनभूमीच्या फाटकाशी त्याही उभ्या होत्या.

काटाबाईंनी पिशवीतून डबी काढली. झाकण उघडण्याआधी तिला वरून, खालून, कडेने पाहिलं. आत दोन. मनगट त्यांनी मघापेक्षा घट्ट धरलं, कारण मघाशी चुकेल अशी भीती होती, आणि आता चुकतं हे ठाऊक होतं.

"भितेस?" दिरांनी विचारलं. त्यांचे डोळे आता उघडे होते.

"हो, भाऊजी. फार."

"मग सावकाश दे."

अख्खी चकती आता गिळवणार नव्हती. काटाबाईंनी तिचा तांदळाएवढा कण मोडला, चमच्यात पाण्याचे चार थेंब घेतले, त्यात तो ठेवला, आणि चमचा दिरांच्या ओठांशी नेला.

"ख्रिस्ताचं शरीर."

"आमेन."

त्या त्यांच्या गळ्याकडे बघत राहिल्या. घोट बराच वेळ अडला. मग उतरला. बाकीची चकती काटाबाईंनी स्वतः घेतली. डबीत एक उरली होती. जाऊबाई अजून त्यांच्याकडे बघत नव्हत्या. पण त्यांनी डोळे पुसले, हात पदराला कोरडा केला, आणि तो पुढे धरला.